बेटावरची पालथी काहील

मी एक जुनी काहील आहे, आणि मित्रांनो, मला पाहुणे आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको.

काहील म्हणजे गूळ शिजवायची मोठी, पसरट लोखंडी कढई. श्रीरामपूरच्या नूरुद्दीन लोहाराने पत्रे जोडून, रिव्हेटी ठोकून मला घडवले. माणूस कामाला चोख. माझ्या तळातून कधी थेंब गळला नाही. पुढे बरीच वर्षे मी गुऱ्हाळावर रस आटवला. तेव्हा माझा काय तोरा होता! चार गडी कड्यांना धरून मला उतरवत. मग ऊस साखर कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळ बसले आणि माझी रवानगी गोदावरीतल्या एका बेटावर झाली.

बेट लहानसे, दहा-बारा घरांचे. दोन्ही अंगांनी नदी, मध्ये गाळाची मऊ जमीन आणि त्या जमिनीत रताळी. बेटावरच्या माणसांचे पोट रताळ्यांवरच चाले. सकाळी उकडलेली, रात्री भाजलेली. भाकरी मिळाली तर तो सण. बेटावर महादेवाचे देऊळ होते. महाशिवरात्रीला यात्रेकरू होडीत बसून येत, तेव्हा माझ्यात रताळी उकडून त्यांना प्रसाद द्यायचा, अशी रीत. एकदा मी चुलीवर चढले की येईल त्याला रताळे मिळालेच पाहिजे. शेवटचा माणूस खाऊन उठला की पुजारी पुंजाराम मला पालथी घालायचा. काहील पालथी झाली की यात्रा संपली.

हळूहळू रताळ्यांचा बोलबाला झाला आणि देव मागे पडला. शहरातले लोक सहल म्हणून येऊ लागले. एक अर्धे खाऊन टाकायचे, दुसरे उचलायचे, साली नदीत भिरकावायच्या आणि वर घरी न्यायला पिशव्या भरायच्या. उपवास म्हणाल, तर एकादशी आणि दुप्पट खाशी!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नदी आटली. बेटावरची माणसे पात्रातल्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने पाणी भरू लागली. रताळ्यांचे वेल वाळून गेले. घरात होती ती रताळी लोकांनी खाल्ली आणि थोडीशी देवाच्या प्रसादासाठी बाजूला ठेवली. फक्त राहीबाईने, पुंजारामच्या विधवा भावजयीने, आणखी एक पाटी वाळूत पुरून ठेवली. ते बेणे होते. उन्हाळ्यात थोड्या ओलीवर ते रुजवायचे आणि पाऊस आला की फुटलेले वेल तोडून शेतात लावायचे. ते गेले तर पुढच्या साली बेटावर रताळे नाही. स्वतः राहीबाई रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी खाई आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई.

त्र्याहत्तरच्या महाशिवरात्रीला होडी लागलीच नाही. कोरड्या पात्रातून जीपगाड्या आणि मालट्रक थेट देवळापर्यंत आले. एरवीच्या तिप्पट गर्दी. देवाला नावाला हात जोडले की सगळे माझ्याभोवती. दुपारीच रताळी संपली. मी नुसते पाणी उकळत बसले, आणि माणसे काही हटेनात.

"महाराज, दोन तास धूळ खात आलोय," काळा चष्मा लावलेला एक जण म्हणाला. "बेटावरचं रताळं न खाताच जायचं होय?"

पुंजाराम ओशाळला. हलक्या आवाजात राहीबाईला म्हणाला, "वहिनी, पाटी काढा. बेटाची अब्रू हाय."

"ते बेनं हाय, भाऊजी."

"म्होरलं देव बगंल."

"देव बगंल वो, पन तवर पोरं काय खात्याल?"

"रीत मोडाया निघाला व्हय तुमी?" पुंजारामचा आवाज चढला. त्याने खूण केली, तसे दोन बाप्ये गेले, वाळू उकरली आणि पाटी भरून माझ्यापाशी आणून ठेवली. चष्मेवाल्याने एक रताळे उचलून बोटाने दाबून पाहिले. "फारच बारीक आहेत," तो म्हणाला.

राहीबाईचा चेहरा संतापाने लाल झाला. मित्रांनो, जाळावर मी जन्मभर तापले, पण तशी पेटले नव्हते कधी. देवळाच्या भिंतीला पहार टेकवलेली होती. राहीबाईने ती उचलली, माझ्या काठाखाली घातली आणि सारा जोर लावला. मी कलंडले. उकळते पाणी जाळावर पडले. राख, वाफ, चिखल! पाहुणे पांढऱ्या विजारी सावरत मागे पळाले. मी चुलीवरून घसरले आणि धाडकन पालथी पडले.

"झाली काहील पालथी," राहीबाई धापा टाकत म्हणाली. "संपली यात्रा. जावा आपापल्या घरला."

रीतच ती. ती पुंजारामलाही मोडता येईना. राहीबाईने बेण्याची पाटी उचलून परत नेली. पाहुणे शिव्या देत गाड्यांत बसले. जाता जाता चष्मेवाल्याने मला लाथ मारली. मी पडले लोखंडाची; लागले त्यालाच.

पण बेटाने राहीबाईला वाळीत टाकले. तिने देवाच्या दारातून माणसे उपाशी धाडली, म्हणून झिऱ्यावर तिला कुणी रांगेत उभे करीना. सगळ्यांचे भरून झाल्यावर जे गढूळ उरेल ते ती नेई आणि त्यातलेच तांब्याभर बेण्याला घाली. मला तेव्हा पाहुण्यांइतकाच बेटावरच्या माणसांचाही राग आला, हे लपवत नाही.

त्या साली पाऊस चांगला झाला. सगळ्यांच्या जमिनी तयार आणि लावायला एक वेल नाही. राहीबाईच्या परड्यात मात्र हिरवेगार. तिच्या दारात पहिला आला तो पुंजारामच.

"वहिनी, तुमचं लई उपकार..."

तिने विळ्याने भाराभर वेल कापले आणि त्याच्या पुढ्यात टाकले. "घ्या, भाऊजी. समद्यांना वाटा. पन गोड बोलू नगा. मला राग आलाय, आन् तो मी ठेवनार हाय."

मी आज देवळामागे गंजत पडले आहे. मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, एवढेच करा. कुणाच्या गावी गेलात, तर पानातल्या घासाला हात लावण्यापूर्वी त्या घरात उद्यासाठी काय उरले आहे ते विचारा. काही उरले नसेल, तर उपाशी परत जा. उपवास म्हणतात तो त्यालाच.