जाईची नवमी

"काय म्हणालास? परत एकदा सांग," मी म्हटलं.

हितेंद्रनं घास तोंडात घातला आणि सावकाश चावत बसला. लहानपणापासून त्याची ही खोड आहे. उत्तर द्यायचं नसलं की तोंड भरून ठेवतो.

"मोठी आई, मी नाही म्हणत. गुरुजी म्हणतात," शेवटी तो बोलला. "आईची नवमी आता करायची नसते."

आदल्या दिवशी गणपती गेले होते. प्रभादेवीच्या त्याच्या घरी सगळे जेवायला जमलो होतो. त्याची बायको सीमा, मुलगी आरोही, बदलापूरहून आलेला धाकटा भाऊ विनीत, आणि लालबागहून मी. मी हितेंद्रची चुलती. माझ्या पोटी काही झालं नाही, पण या दोघांचं नाक मीच पुसलं, कान मीच पिळले, म्हणून मोठी आई.

यांची खरी आई जाई, माझी धाकटी जाऊ. ती नवऱ्याआधी गेली, कुंकू घेऊन गेली. अशा बाईचा पितृपक्षात वेगळा दिवस असतो, अविधवा नवमी. त्या दिवशी एका सवाष्णीला तिच्या जागी जेवायला बसवायचं, साडी द्यायची, ओटी भरायची. मी विधवा. ओटीला माझा हात चालत नाही, स्वयंपाकाला चालतो. जाई गेल्यापासून अकरा नवम्या मी रांधल्या. गेल्या वर्षी श्रावणात तिचा नवरा, लवूभावजी, गेले. वर्षाच्या आत काही करत नाहीत, म्हणून मागच्या नवमीला मी गप्प बसले. पण यंदा?

"लाव त्या गुरुजींना फोन," मी म्हटलं.

सीमानं फोन लावून टेबलावर ठेवला. गुरुजींचा आवाज तरुण होता.

"आजी, यजमान असेपर्यंतच ती नवमी. ते गेले की बंद. आता त्या पतीबरोबर, पतीच्या तिथीला. द्वादशीला दोघांचं एकत्र करू."

"जिवंतपणी ती कधी नवऱ्याच्या पंगतीला बसली नाही. आता काय म्हणून बसेल?"

"शास्त्र आहे, आजी."

"तुमच्या शास्त्रात खाणावळ नाही वाटतं."

विनीत खाली बघून हसला. सीमानं फोन उचलून "बरं गुरुजी, कळवते" म्हणत आत नेला. बाहेर येऊन म्हणाली, "मोठी आई, एका अर्थी बरंच ना? आईबाबा एकत्र. विनीतभावजींनाही एकदाच यावं लागेल. आणि ह्यांच्या रजा दिवाळीत काश्मीरला लागणार आहेत. दोन दोन दिवस कुठून काढायचे?"

"काढू नका," मी म्हटलं. "मी मागितलेत का?"

मागितले नाहीत. मागायची मला सवय नाही. बारा गिरणीवाल्यांची खाणावळ दहा बाय बाराच्या खोलीत चालवली मी. कोणाचा पगार झाला, कोणी पिऊन आलाय, कोण गावाला बायकोला पत्र घालत नाही, सगळं मला ठाऊक असायचं, आणि पुरुषासारखा पुरुष माझ्यासमोर ताट धुऊन ठेवायचा. जाई लग्न होऊन आली ती सरळ त्या चुलीपुढं. बारा माणसं जेवायची, मग आमचे नवरे, मग पोरं. मग आम्ही दोघी एका परातीत. असेल ते. आमटीचा गाळ, भाताची खरवड, कधी नुसतं कालवण.

संप झाला, गिरण्या गेल्या, खाणावळीचे लोक गावाला गेले. जाई दादरला मृणालिनीबाईंकडे धुण्याभांड्याला लागली. त्या बाई दर वर्षी दसरा झाला की फिरायला जायच्या आणि आल्या की फोटोंचं जाडजूड पुस्तक लावायच्या. जाई ते पुस्तक पुसायला म्हणून घ्यायची आणि पानं डोक्यात भरून आणायची. दुपारी दोनला घरी आली की मोरीत भांडी घासत बसायची, मी विसळायला.

"वैनी, आज खंय जावया?" असं विचारायची, जसं काही गाडी खाली उभी आहे.

"तू म्हणशील थंय."

"काश्मीराक. थंय होडीतच घर असता. न्हाणीघर पण होडीतच."

"आणि बुडलां मगे?"

"बुडलां तर बुडलां. भांडी तरी घासूक नको."

आम्ही दोघींनी उभ्या जन्मात लालबाग आणि कणकवली याच्यापलीकडं पाऊल टाकलं नाही. पण त्या मोरीत आम्ही कुठं नाही गेलो! कन्याकुमारीला तीन समुद्र बघितले. दार्जिलिंगला आगगाडी रस्त्यावरून जाते आणि माणसं बाजूला होतात, ते बघितलं. राजस्थानात उंटावर बसायला मी नाही म्हटलं तर जाई दोन दिवस चिडवत होती. मृणालिनीबाईंच्या पुस्तकात होतं त्यापेक्षा जास्तच सांगायची ती. मी कधी खोटं पकडलं नाही. पकडायचं कशाला?

ती गेल्यावर पहिल्या नवमीला काय झालं, ते कोणाला माहीत नाही. बाहेर पंगत बसली होती. आमच्या चाळीतली राधाबाई सवाष्ण म्हणून जाईच्या जागी बसली होती. मी आत वडे तळत होते. आणि तळता तळता मी बोलायला लागले. जाई, यंदा आपण नेपाळला गेलो, असं. कुठं उतरलो, काय बघितलं, थंडी किती. टीव्हीवर बघून ठेवलं होतं. पुढं आरोही मोठी झाली, ती मोबाइलवर दाखवायची. वर्षभर मी गोळा करायची आणि नवमीला सांगायची. अकरा नवम्या, अकरा गावं. मला त्या एका दिवसासाठी बाकीचे दिवस पुरत होते.

म्हणून त्या रविवारी प्रभादेवीला जेवण झाल्यावर मी आरोहीला जवळ बोलावलं. "तुम्ही जाणार ते काश्मीर दाखव गो मला."

तिनं दाखवलं. होडीतलं घर खरंच होतं. लाकडावर कोरीव काम, आत गालिचा, दारात फुलं विकणारा माणूस होडीतूनच आलेला. "न्हाणीघर दाखव," मी म्हटलं. ती हसली, पण दाखवलं. न्हाणीघरही होतं. जाईनं एवढं खरं सांगितलं होतं.

घरी येताना मी मनाशी ठरवून टाकलं. यांना करायची नसेल तर नको. माझ्या खोलीत, माझ्या चुलीवर, जाईची नवमी मी करणार.

शनिवारी हिंदमाताला जाऊन साडी घेतली. निळी, बारीक काठाची. दुकानदार म्हणाला, "आजी, कोणासाठी?" मी म्हटलं, "जावेसाठी. प्रवासाला निघालीय." त्यानं घडी मोडणार नाही असं कापड दाखवलं.

नवमीला पाचला उठले. खीर, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, गवार, अळू, कढी. गुडघे दर दहा मिनिटांनी शिव्या देत होते, मीही त्यांना देत होते. साडेअकराला सगळं झाकून ठेवलं आणि राधाबाईच्या दारात गेले. तीन खोल्या सोडून राहते.

"चल, पानं घेते," मी म्हटलं.

राधाबाई बसल्या जागेवरून उठली नाही. तिचा नवरा, तात्या, कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. आठवड्यातून दोनदा त्याला रक्त धुवायला हॉस्पिटलात नेतात.

"चंद्रे, सीमा भेटली होती मंडईत," ती म्हणाली. "तुमच्या भटानं नको म्हणून सांगितलंय म्हणे."

"भट माझ्या घरी जेवायला नाही येणार. तू ये."

"बंद झालेल्या नवमीला कशी बसू मी? ह्यांचं हे असं. उद्या काही झालं म्हणजे?"

"जाई काय करणार तुझ्या नवऱ्याला? जिवंतपणी तिनं झुरळ मारलं नाही. बाहेर नेऊन सोडायची."

"ती नाही गं. रीत असते."

"अकरा साड्या नेल्यास तेव्हा रीत बरी होती."

"तू बोलावलंस, मी आले. मी मागायला आले होते?"

"एकदाच बस. अर्धा तास. मी पाया पडते तुझ्या."

हे मी म्हटलं. कोणाच्या पाया पडते असं मी उभ्या आयुष्यात म्हटलं नव्हतं. राधाबाईनं तात्याच्या पाठीकडं बघितलं आणि मान हलवली. नाही.

मग माझी जीभ सुटली. "बरं. पुढच्या वर्षी तूही माझ्यासारखीच असशील. तेव्हा बघू तुला कोण बोलावतंय साडी न्यायला."

शब्द तोंडातून गेले आणि मला त्यांचं वजन कळलं. कॉटवरच्या पाठीनं हालचाल केली. म्हातारा जागा होता. राधाबाई उठली, दारापर्यंत आली आणि दार लावून घेतलं. आमच्या चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. पन्नास वर्षांत ते दार माझ्या तोंडावर लागलं नव्हतं. मी तिथं उभी राहिले. दार वाजवावं, काहीतरी बोलावं, असं वाटलं. पण माफी कशी मागतात ते मला कोणी शिकवलं नाही, आणि आता शिकून उपयोग नव्हता.

खोलीत येऊन मी दोन पानं मांडली. एकावर सगळं वाढलं, शेजारी साडी ठेवली. दुसऱ्या पानावर मी बसले.

"जाई," मी म्हटलं, "यंदा काश्मीर. खरंच होडीत घर आहे गो. दारात फुलं घेऊन…"

आणि थांबले.

इतकी वर्षं बाहेर पंगत असायची. पोरं ओरडायची, विनीत वडे मागायचा, भांडी वाजायची. त्या आवाजात मी आत बोलायची ते कोणाला ऐकू जात नव्हतं. मलासुद्धा नाही. आज खोलीत पंखा तेवढा होता. त्यात मला माझा आवाज आला. म्हातारीचा, घोगरा, एका पानाशी बोलणारा. मी दोनदा घसा साफ केला. पुन्हा सुरुवात केली, "दारात फुलं घेऊन एक माणूस येतो." पुन्हा तोच आवाज. पलीकडं कोणी नव्हतं. खरं तर अकरा वर्षं कोणी नव्हतं, पण मला ते आजवर ऐकू आलं नव्हतं.

मी जेवले. अन्न टाकत नाहीत. माझ्या पानावरचं संपवलं आणि तिच्या पानावरचं पिशवीत भरून खाली रस्त्यावर गाईसाठी ठेवून आले. बाकीचं पुढं दोन दिवस मीच खाल्लं.

द्वादशीला हितेंद्रनं टॅक्सी पाठवली. प्रभादेवीला दहा वाजता पोचले आणि पदर खोचून ओट्यापाशी उभी राहिले. सीमानं अर्धं बाहेरून मागवलं होतं, तरी चव बघायला मीच. कोणी नवमीबद्दल विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मोबाइल घेऊन आरोही आली, "मोठी आजी, अजून फोटो आलेत, बघतेस?" मी म्हटलं, "नको गो. हात खरकटे आहेत."

गुरुजी आले. फोनवरच्या आवाजावरून वाटले त्याहूनही लहान दिसत होते. हितेंद्र सोवळं नेसून बसला. नेसणं नीट जमलं नव्हतं, दर वेळी पुढं वाकला की सावरत होता. गुरुजींनी भावजींचं नाव घेतलं, मग "सपत्नीक" म्हणाले. एका शब्दात जाई झाली. एक पान मांडलं.

"वाढा," गुरुजी म्हणाले.

मी एकेक पातेलं पुढं करत होते, हितेंद्र वाढत होता. भावजींना वडे-सांबार जीव की प्राण. त्यानं दोन वडे जास्त ठेवले, सांबार पानाबाहेर जाईल इतकं वाढलं. मग थांबला. पानाकडं बघत राहिला. माझ्याकडं वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. शेहेचाळीस वर्षांचा घोडा.

"मोठी आई," तो म्हणाला, "सगळं बाबांचंच झालं. आईला काय आवडायचं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. गुरुजीसुद्धा.

मला सांगता आलं असतं की तिला थंडी आवडायची, जी तिनं कधी बघितली नव्हती. तिला बर्फापेक्षा समुद्र बरा वाटायचा, पण तीन असले तरच. बोटीपेक्षा आगगाडी, आणि आगगाडीत खिडकी, आणि खिडकीत ती, मी नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण खायला? सदतीस वर्षं आम्ही एका परातीत जेवलो. उरेल ते जेवलो. एखादा पदार्थ तिनं आधी संपवला, एखादा बाजूला सारला, असं कधी झालंच नाही. कारण निवडायला काही नसायचंच. मी डोकं फोडून आठवत होते आणि मला परात दिसत होती, तिचे दोन हात दिसत होते. हातात काय आहे ते दिसत नव्हतं.

"सांग ना," हितेंद्र म्हणाला.

माझ्या हातात भोपळ्याच्या भाजीचं पातेलं होतं.

"भोपळ्याची भाजी," मी म्हटलं.

"हो? मला कधी बोलली नाही ती."

"तुला कशाला बोलेल?"

त्यानं डाव घेतला आणि पानाच्या कडेला, भावजींच्या वड्यांपासून जरा लांब, भाजी वाढली. मग आणखी एक डाव. बाहीनं डोळे पुसायला गेला, पण सोवळ्याला बाही नव्हती. मग तसाच मागं वळून आरोहीला म्हणाला, "ऐकलंस? आजीला भोपळा आवडायचा बरं का. लक्षात ठेव."

आरोहीनं मान हलवली.

"अजून वाढू?" त्यानं मला विचारलं.

"वाढ," मी म्हटलं, आणि पातेलं त्याच्यापुढं तिरकं करून धरलं.