माझ्यातला सुधाकर

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि तीही प्रेमाची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढं मला मोकळेपणानं बोलता येईल. शहाण्या माणसांनी मला कधी शहाणं म्हटलं नाही. पण मला वाचून कुणी रडलं नाही, असंही कधी झालं नाही.

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. शिशाचे खिळे जुळवणारा एक म्हातारा जुळारी होता. माझं शेवटचं प्रकरण जुळवताना तो मधेच थांबला आणि धोतराच्या सोग्यानं त्यानं डोळे पुसले. तेव्हापासून मी जरा शेफारले, हे कबूल करते. माझ्या मुखपृष्ठावर बकुळीच्या झाडाखाली एक मुलगी आणि एक तरणाबांड मुलगा उभे आहेत. तो मुलगा म्हणजे सुधाकर, माझा नायक. तो फार देखणा नाही की पैसेवाला नाही. पण एकशे बाराव्या पानावर तो तिला म्हणतो, "आधी तुझं शिक्षण पुरं कर. मी थांबतो." मित्रांनो, या एका वाक्यावर मी तरले, आणि याच वाक्यानं एका मुलीचं वाटोळं झालं.

बारामतीच्या बाजारपेठेतून मला लीलाबाईंनी विकत घेतलं. त्या शेळगावच्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलींना वाचायची गोडी लावायची तर आधी त्यांना आवडेल ते हातात द्यावं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी मला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, सातवीतल्या रतनला बाजूला बोलावलं आणि म्हणाल्या, "हे वाच. तुला आवडेल." बस्स, एवढंच.

रतन अप्पांची थोरली मुलगी. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा मळा होता. वांगी, भेंडी, पेरूची बाग आणि कडेला खायापुरती ज्वारी. त्या साली रतन सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार होती. केंद्र इंदापूरला. पास झाली तर पुढं पुण्याला बाईंसारखं मास्तरणीचं शिक्षण. अप्पांनी होकार दिला होता, फॉर्मही भरला होता. त्यांच्या भावकीत मुलगी इतकी शिकायला निघाल्याची ही पहिलीच वेळ. अप्पा वरवर कुरकुरायचे, पण पाहुण्यांसमोर तिला मुद्दाम वर्तमानपत्र वाचायला लावायचे.

माघाचे दिवस होते. ज्वारी हुरड्यात आलेली आणि पाखरं राखायचं काम रतनकडं. शेतातल्या उंच माळ्यावर ती गोफण घेऊन बसायची आणि गोफणीखाली मी. पहिली दहा पानं होईपर्यंत ती इमानदारीत "हाऽऽ हुर्र" करत होती. पुढं काय झालं ते चिमण्यांना विचारा. त्या वर्षी माळ्याजवळची कणसं नुसती भुसकटासारखी हलकी झाली होती, आणि सरुबाई, म्हणजे तिची आई, ओरडत होती, "अगं, तू राखती का पाखरांस्नी जेवाय बोलवती?" मी मात्र खुशीत होते. असा वाचक नशिबानं मिळतो.

दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिला राहवेना. कालव्यावर धुणं धुताना तिनं चार मैत्रिणींना माझी गोष्ट सांगितली. सगळ्यांचे आवाज काढून, मधेच थांबून, "पुढं काय झालं आसंल, सांगा बरं," असं विचारून. त्यातल्या दोघींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सुधाकर त्यांना तोंडपाठ झाला. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिची जिवलग मैत्रीण कौसल्या भवानीनगरला राहायची, आणि आपल्याला आवडलेलं पुस्तक मैत्रिणीनं वाचलं नाही तर जिवाला चैन पडत नाही.

रतनचे चुलते दत्तोबा, तिचे तात्या, आठवड्याच्या बाजाराला भवानीनगरला माळवं घेऊन जायचे. कौसल्याच्या घरी द्यायच्या वांग्यांच्या पाटीत रतननं चिठ्ठी ठेवली. ती लिहिताना तिनं कागद माझ्यावरच टेकवला होता, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. 'कौसे, सुधाकर मला फार म्हणजे फार आवडला. त्याच्यासाठी मी दोनदा रडले. माझं शिक्षण होईपर्यंत थांबणारा असा नवरा कुणाला मिळतो गं? पुढच्या बाजारी सगळं सांगते.' पुस्तक पुढच्या बाजारी पाठवायचं, आधी नुसती हुरहुर लावून द्यायची, असा तिचा बेत होता. शिफारस करण्यात ती अगदी तरबेज झाली होती.

चिठ्ठी दत्तोबांच्या हाती लागली. ते चौथीपर्यंत शिकलेले, वाईट माणूस नव्हेत, पुतणीवर जीव टाकणारे. पण कादंबरी म्हणून काही चीज असते आणि तिच्यातल्या माणसासाठी कुणी डोळ्यांतून खरं पाणी काढतं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. सुधाकर म्हणजे माणूस, आणि माणूस म्हटल्यावर त्याला घर असणारच! माळवं तसंच टाकून ते तिथल्या साखर कारखान्याच्या चाळींतून विचारत सुटले. "हितं सुधाकर कोन हाय? तरना, शिकल्याला?" कशाला विचारता म्हटल्यावर रागाच्या भरात पुतणीच्या चिठ्ठीचं सांगूनही टाकलं. दिवसभर हिंडून एकच सुधाकर सापडला. तो खानावळीत आचारी होता, डोक्यावर केस नव्हता आणि तीन नातवंडं होती.

संध्याकाळी ते घरी आले ते लाल होऊन. अप्पांपुढं चिठ्ठी आपटली. "दादा, विचार तुझ्या पोरीला. कोन हाय ह्यो सुधाकर?"

आणि रतन हसली. मित्रांनो, ती खरोखरच खळखळून हसली. तिला वाटलं, आता सगळा उलगडा होईल आणि सगळेच हसतील. धावत येऊन तिनं मला दप्तरातून काढलं. "तात्या, पुस्तकातला हाय त्यो! खरा न्हाय! ह्ये बगा की!"

मीही छाती फुगवली. साक्ष द्यायला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला पुढं केलं होतं.

दत्तोबांनी मला मधेच कुठंतरी उघडलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. नेमकं ते पान निघालं, जिथं सुधाकर तिचा हात हातात घेतो. ते वाचायचे थांबले. त्यांचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो, ते त्यांना कळलं असावं.

"आता मी कुनाकुनाला सांगत फिरू," ते म्हणाले, "की आमची पोरगी कागदावरच्या मान्सासाठी रडती म्हनून? कोन पटवून घील?"

अप्पांनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाले, "खरा न्हाय, ह्ये कळलं मला. पर नाव तर गेलं."

तिसऱ्या दिवशी लीलाबाई घरी आल्या. परीक्षा महिन्यावर आलीय, तेवढी होऊ द्या, म्हणून त्यांनी हात जोडले. अप्पांनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं, आणि शांतपणे विचारलं, "बाई, पुस्तक तुमीच दिलंतं न्हवं?" बाई पाणी तसंच ठेवून उठल्या. जाताना त्यांनी मला परतही मागितलं नाही. पुढं त्यांनी कुठल्याच मुलीला शाळेबाहेरचं पुस्तक दिलं नाही, असं ऐकलं.

भवानीनगरची बोलणी सासरच्या कळस गावापर्यंत पोचायच्या आत रतनचं लग्न उरकलं. इंदापूरला परीक्षा सुरू झाली त्या दिवशी ती सासरी शेणाच्या गोवऱ्या थापत होती. मी गोठ्याच्या कोनाड्यात पडले. वाळवीनं माझी कड खाल्ली. सरुबाईनं बियांच्या पुड्या बांधायला माझी मागची पानं फाडली. जुळाऱ्याला रडवणारं ते शेवटचं प्रकरण भेंडीच्या बियांभोवती गेलं.

दोन वर्षांनी रतन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची धाकटी बहीण भीमा तेव्हा अकरा वर्षांची होती आणि नुकतीच सरसर वाचायला लागली होती. तिला मी सापडले. धूळ झटकून, मला छातीशी धरून ती बाजेजवळ गेली.

"आक्का, ह्ये वाचू का गं? चांगलं हाय का?"

रतननं माझ्याकडं पाहिलं. मला हातात घेतलं नाही. बाळाच्या अंगावरची चौघडी तिनं उगीचच सारखी केली.

"न्हाय गं," ती म्हणाली. "काय न्हाय त्यात. ठेव जा चुलीपाशी, पानी तापवाया हुईल."

भीमाचा आक्कावर पुरा भरवसा. तिनं मला चुलीपाशी ठेवलं. अजून मी तिथंच आहे.

मित्रांनो, मला जपा, कव्हर घाला, असं मी आता म्हणणार नाही. माझ्यात जपण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पण तुमच्या घरात कधी एखाद्या मुलीची चिठ्ठी सापडली, तर गावाला विचारायला जाण्याआधी तिला विचारा. रतनला त्या दिवशी कुणी आधी विचारलं असतं, तर तिनं समोर बसवून सगळी गोष्ट सांगितली असती, सगळ्यांचे आवाज काढून. तिला ती सांगायला फार आवडायचं.