पहिला घास खंड्याचा

आमच्या यांच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती काढायला देवच हवा, आणि देवही बहुतेक यांच्याच बाजूने असतो. अठ्ठ्याण्णव साली कुठल्याशा शिबिराला गेले ते कोकोची रोपं घेऊनच परत आले आणि गोळपच्या आमच्या वाडीत पोफळींच्या सावलीत ती लावून मोकळे झाले. "पद्मा, चार-पाच वर्षं थांब, चॉकलेटवाले दारात रांग लावतील," म्हणाले. मी म्हटलं, रांग लागेल तेव्हा चहा ठेवीन, आत्ता झाडांना पाणी कोण घालणार ते सांगा.

झाडं धरली मात्र छान. फळं पिकली की हे ती फोडायचे आणि आतला पांढरा गर बियांसकट केळीच्या पानांत गुंडाळून टोपलीत आंबवत ठेवायचे. मग घरभर असा वास सुटायचा की शेजारच्या सोनूबाई नाकाला पदर लावून विचारायच्या, "वैनी, काका दारू लावतात काय?" त्या बिया पुढे अंगणात वाळायच्या, पोत्यात जायच्या आणि माळ्यावर पडून राहायच्या. घेणारा कोणी नाही. उंदरांनीसुद्धा त्यांना तोंड लावलं नाही.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर माझा धीर सुटला. "शिमग्याच्या आत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर झाडं तोडायची आणि तिथे जायफळ लावायचं," मी सांगून टाकलं. वाटलं, भांडतील. भांडले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले आणि ताटावरून अर्धपोटी उठले. आम्हाला मूलबाळ नाही. त्या झाडांची कीड यांनी एकेक पान उलटून बोटांनी काढली होती. झाडांवर कुऱ्हाड पडली तर हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही, हे मला त्या एका "बरं"वरून कळलं. पण बोललेला शब्द मागे घेणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, चला, मीही येते. चॉकलेटचे कारखाने असतील तिथे जाऊ या.

अशी आमची वरात निघाली. व्हॅनमध्ये पुढे आम्ही दोघं, मागे बियांचं पोतं आणि पोत्यावर खंड्या.

खंड्या आमचा कुत्रा. गावठी, पिवळट, म्हातारा, एक कान फाटका. त्याला बरोबर घ्यावंच लागे, कारण यांचं नाव दत्तात्रेय. दत्ताच्या पायाशी कुत्रे असतात, म्हणून सासूबाईंनी यांना लहानपणापासून वळण लावलेलं, की ताटातला पहिला घास कुत्र्याचा. उकडीचा मोदक असो नाहीतर एसटी स्टँडवरचा वडा, खंड्याच्या तोंडात गेल्याशिवाय हे स्वतः खात नसत. यावरून मी यांना काय कमी बोलले असेन! "त्याचा मान आहे तो," हे म्हणायचे. मान माझाही होता, पण मला दुसरा घास मिळायचा.

पहिला कारखाना मिरजोळ्याला, एमआयडीसीत. पाटी ही एवढी मोठी, आणि आत एक खोली. मुंबईहून आलेल्या तयार लाद्या वितळवायच्या आणि साच्यात ओतायच्या, झालं चॉकलेट. मालकाने आमची बी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "हे कसले बदाम?" यांचा चेहरा बघवेना. निघताना त्याने हातावर दोन चॉकलेटं ठेवली. यांनी त्यातलं पहिलं खंड्याला दिलं. खंड्याने ते मिटक्या मारत खाल्लं.

दुसरा गणपतीपुळ्याला. तिथे यात्रेकरूंसाठी आंब्याच्या आकाराची पिवळी चॉकलेटं करत होते. यांनी विचारलं, "यात कोको किती?" तिथली बाई हसली. "कोको कशाला, काका? कडू लागतो, पोरं थुंकून टाकतात. वनस्पती तूप, साखर आणि रंग." तिथेही पहिलं खंड्यानेच खाल्लं आणि वर तिच्याकडे बघून शेपटी हलवली. "निदान कोणाला तरी आवडलं," मी म्हटलं. हे हसले नाहीत. परतीच्या वाटेवर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बाबूला कुऱ्हाडीला धार लावून ठेवायला सांगायला हवं." बाबू आमचा गडी.

आणि मग कोणीतरी सागरचं नाव सांगितलं. नाटे गावचा मुलगा, मुंबईला मोठ्या हॉटेलच्या बेकरीत होता, ते सोडून गावाला आलेला. काजूच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये स्वतःच काहीबाही करत होता. आम्ही गेलो तेव्हा उघड्या अंगाने चुलीसमोर बसला होता. यांनी पोत्याचं तोंड सोडलं. त्याने एक बी दाताखाली फोडली, डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, ही आपल्याकडची? आजवर कुठं लपवून ठेवली होती?"

तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. उगाच खोटं कशाला सांगू?

"आठवड्यानं या," सागर म्हणाला. "भाजतो, सोलतो आणि इडलीच्या रगड्यात दोन दिवस वाटतो. मग बघू."

आठवड्याने गेलो. त्याने केळीच्या पानात गुंडाळलेली एक वडी हातात दिली. पोस्टकार्डाएवढी, बोटभर जाड, काळीभोर. नमुन्याच्या बियांत एवढीच झाली होती. "साखर नावाला हाय. बाकी सगळी तुमची बी. घरी बसून निवांत खावा आणि मला सांगा. मला पटलंय, सगळा माल मी घेणार."

घरापर्यंत कुठला दम निघायला! आडिवऱ्याच्या पुढे एका वडाखाली यांनी गाडी थांबवली. पान सोडलं. असा वास आला की त्या आंबवायच्या टोपल्यांना नावं ठेवल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. मला वाटलं, कोपरा मोडून खंड्याला देतील. पण आनंदात माणसाला काही सुधरत नाही. "आज अख्खा घास तुझा रे," म्हणत यांनी वडीच त्याच्यापुढे धरली. मी हात पुढे करेपर्यंत ती संपलीसुद्धा.

"अहो, मला कणभर तरी ठेवायचं!"

"अगो, आता पोत्यांनी होणार आहे. तुझ्यासाठी ताटभर आणतो." वाटेत हे गाणं म्हणत होते. यांना गाता येत नाही.

दुपारी घरी आलो. खंड्या एका जागी बसेना. पाणी पीत राहिला, ओकला, अंगणात गरगर फिरला. त्याच्या छातीवर हात ठेवला तर काळीज नुसतं धडधडत होतं. मग पाय ताठ झाले. त्याला उचलून व्हॅनमध्ये घातलं. भाट्याच्या पुलावर मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि हे नको तितक्या जोरात गाडी हाणत होते.

रत्नागिरीचे गुरांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "काय खाल्लं याने?"

"चॉकलेट," मी म्हटलं.

"दुकानातलं गोड असेल तर एवढं होणार नाही. यात कोको किती होता?"

हे पटकन म्हणाले, "सगळा कोकोच, डॉक्टर. अस्सल." म्हणताना यांची मान ताठ होती. मग यांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं.

कोको कुत्र्यांना विष असतो, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला कोण सांगणार? आमच्या गावात कुत्र्याला चॉकलेट देतंय कोण! इंजेक्शनं दिली, पण दिवेलागणीच्या आत खंड्या यांच्या हातात गेला.

त्यानंतर हे ताटावर बसत, घास उचलत आणि तो हातातच राही. मी दटावलं, समजावलं, एकदा रडलेसुद्धा. "भूक नाही," म्हणत. वाडीत जात नसत.

मग सागरचा फोन आला. त्याचा आवाज मोठा, मला दारात ऐकू येत होता. "काका, कसं लागलं? काकींना आवडलं काय?"

मला वाटलं, आता सांगतील.

"फक्कड झालंय," हे म्हणाले. "माल न्यायला कधी येतोस?"

यांनी फोन खाली ठेवला आणि मी भडकले. "जीभ कशी रेटली हो तुमची? आपण चाखलं तरी होतं का ते? आपला खंड्या गेला, आणि तुम्ही त्याला माल न्यायला बोलावता?"

हे खाली बघत होते. "त्या पोराला कळलं असतं, तर त्याने पुन्हा रगडा लावला नसता, पद्मा. मग झाडं..."

यांनी पोराचं मन राखलं की झाडं राखली, हे मला अजून कळलेलं नाही. राग आला होता खरा, पण तो कोणावर काढायचा ते समजेना. कारण फोन मी उचलला असता तर मीही हेच बोलले असते. ते कळलं तेव्हा मला माझीच शिसारी आली.

मी माळ्यावर चढले आणि पहिलं पोतं खाली ढकललं.

"उठा," म्हटलं. "बिया उन्हात पसरू या. दमट निघाल्या तर तो घेणार नाही."