हलका पत्रा

"माझ्या वजनाचं काढू नका हं, आधीच सांगून ठेवते," स्कूटरच्या पोटाखालून आर्जियाचा आवाज आला. "तडा पत्र्याला जातो आणि बघतात सगळे माझ्याकडे."

"मी कुठं काय बोललो?" दुइलिओ म्हणाला. शेडमधला हा म्हातारा वेल्डर खरंच काही बोलला नव्हता. तिच्या कमरेकडे बघून त्याने फक्त सुस्कारा टाकला होता.

"बोलला नाहीस, सुस्कारलास. लढाईनंतर ह्या गावात एक तरी बाई जाड राहिलीय का, दाखव मला. चेस्टनटच्या पिठाच्या भाकरीवर कुणी वाढतं होय?"

पाय ठेवायच्या पत्र्याला तडा गेला होता. नेहमीसारखाच, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत.

भोकं ही त्या शेडची रीतच. इथे विमानं बनायची. जिथे जिथे धातू कमी करता येईल तिथे तिथे गोल भोक पाडायचं, म्हणजे वजन घटतं. एखाद्याने अख्खा तुकडा पुढे केला तर "काय रे, नांगर करतोयस का?" म्हणून सगळे हसायचे. पंखांना रिव्हेटचे खिळे मारायला आर्जिया आली, तेव्हा सगळ्यात आधी ती हेच शिकली.

मग बॉम्ब पडले, लढाई हरली, आणि जिंकणाऱ्यांनी विमानं बनवायला बंदी घातली. मालक म्हणाले, स्वस्त दुचाकी करा. झगा घातलेल्या बाईला बसता आलं पाहिजे, पाद्रीबुवांनाही, आणि दोघांच्याही कपड्यांना तेलाचा डाग लागता कामा नये. जन्मभर मोटारसायकलला नाक मुरडणाऱ्या इंजिनियर वान्नोत्सींनी इंजिन बैठकीखाली झाकलं, साखळी काढूनच टाकली, पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. स्कूटर पोरीसारखी देखणी झाली होती. फक्त चर्चचा दगडी चढ चढून आली की तडकायची.

रविवारी प्रार्थनेनंतर मालक येणार होते. दोन माणसं घेऊन ती वर जाऊन धड परत आली, तर कारखाना चालणार. नाहीतर शेड भंगारात. आर्जियाचा नवरा रशियाच्या बर्फातून परतलाच नव्हता. घरची चूल तिच्या पगारावर पेटायची.

दोष रस्त्याला देऊन झाला, पत्र्याला देऊन झाला, आर्जियाला तर रोजच. भोकांचं नाव कुणी काढत नव्हतं. कारण शेडच्या मागच्या टोकाला, ताडपत्रीखाली, इंजिनियरसाहेबांचं अर्धवट विमान उभं होतं, आणि रोज सकाळी साहेब स्वतः त्याच्यावरची धूळ झटकायचे. विमानाची ती रीत आता सोडा, हे त्यांना सांगायचं कुणी?

शनिवारी दुपारी आर्जियाने म्हाताऱ्याला मागे बसवलं आणि चढाला लागली. नळावरच्या बायकांनी सोडलं नाहीच.

"आर्जिया, नवा नवरा जरा जुनाच निवडलास गं!"

"फुकट मिळाला!" ती ओरडली.

"मी ऐकतोय," मागून दुइलिओ म्हणाला.

"ऐकू येतं तुला? मग भाव वाढवते."

वर नीट पोचले. उतारावर, चर्चच्या वळणाशी, तिच्या टाचेखाली टक् झालं. दोघांनाही कळलं. आर्जियाने गाडी तशीच शेडपर्यंत आणली.

वान्नोत्सींनी वाकून पाहिलं. "वेल्डिंग कच्चं राहिलंय. पुन्हा करा."

दुइलिओने मान खाली घालून वेल्डिंगचं नळकांडं उचललं. आर्जियाने गॅसची चावी बंद केली.

"नाही," ती म्हणाली.

कोपऱ्यातून तिने त्याच मापाचा कोरा पत्रा आणला आणि साहेबांच्या टेबलावर, नकाशांच्या वरच ठेवला. कर्कटक त्यांच्यापुढे धरला.

"भोकं आखून द्या, साहेब."

"बाई, आखलेलीच आहेत. कागद आहे तुमच्याकडे."

"कागदावर नको, ह्याच्यावर आखा. तुमच्या हातानं. जेवढी आखाल तेवढी मी पाडते. उद्या तुम्हाला मागं बसवून मीच वर नेणार आहे."

"आर्जिया, जाऊ दे की," दुइलिओ पुटपुटला.

ती हलली नाही. कर्कटक तसाच पुढे धरून राहिली.

साहेबांनी कर्कटक घेतला. टोक पत्र्यावर टेकवलं. पहिलं वर्तुळ कुठे यायचं हे त्यांच्या बोटांना पाठ होतं; तरी बोटं फिरेनात. त्यांनी मागे वळून ताडपत्रीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. दुइलिओने टोपी काढून हातात घेतली, मयताला काढावी तशी, आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन गडबडीने परत घातली.

कर्कटक टेबलावर ठेवून साहेबांनी कोरा पत्रा दोन्ही हातांनी उचलला आणि आर्जियाच्या हातात दिला.

"असाच बसवा," ते म्हणाले. "जड होऊ दे."

आणि मग, तिच्याकडे न बघता, पण शेडभर ऐकू जाईल असं:

"आपण आता विमानं बनवत नाही."