सदतीस नंबरचा कोट

लाँड्रीची पावती सापडेना, तरी गणिताचे निवृत्त मास्तर घाबरले नाहीत. आपल्या कोटाचा नंबर मूळ संख्या आहे आणि उलटा वाचला तरी मूळच राहतो, हे त्यांनी कोट टाकला त्याच दिवशी हेरलं होतं. असली संख्या ते विसरणं शक्यच नव्हतं.

"त्र्याहत्तर," त्यांनी काउंटरवरच्या बाईला सांगितलं. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

तिने फळीवरून कागदात बांधलेलं पुडकं काढून सोडलं. आत पडदे निघाले.

"सर, घरी पावती बघता का जरा?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारे मास्तर एकदम चढले. "पावती कशाला? कोट हरवलास म्हण की सरळ! आकड्यांशी तुझं शाळेपासूनच वाकडं."

आवाज ऐकून मालक बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडलं, तर खुणेला घातलेली पावती मांडीवर पडली. सदतीस.

सदतीस मूळ, त्र्याहत्तरही मूळ. गुण तेवढा ध्यानात राहिला होता, संख्या नाही.

दुकान रिकामं होईपर्यंत ते समोरच्या फुटपाथवर ताटकळत राहिले. आत गेले तर काउंटरवर मालक होता आणि ती मागे इस्त्री करत होती.

"तिला आता आतच बसवलीय," मालक म्हणाला.

मास्तरांनी पावती पुढे केली. "चूक माझी होती गं. तुझं बरोबर होतं."

तिने इस्त्री उभी ठेवली, सदतीसचं पुडकं आणून सोडलं. "हाच ना कोट?"

"हाच."

"काल दुकानात सहा माणसं होती, सर. आकड्यांशी वाकडं असलं तरी तेवढी मोजता आली मला."

कोट उचलून मास्तर दारापर्यंत गेले. तिथे थबकले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"काही राहिलं का, मास्तर?" मालकाने विचारलं.

"गिऱ्हाईक येऊ दे."

बऱ्याच वेळाने चादरींचं गाठोडं घेऊन एक बाई आल्या. मास्तर उठले.

"बाई, एक मिनिट. काल इथे मी या मुलीला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो. चूक माझी होती, तिची नव्हे."

बाई गोंधळून मालकाकडे बघत राहिल्या. मास्तर पुन्हा स्टुलावर बसले. अजून पाच जण यायचे होते.