रिकामा पट्टा

"भावजी, जाकिटातली हवा सगळी सोडलीत ना?"

"सोडली हो वहिनी! किती वेळा विचाराल?"

"मग छातीत श्वास भरून घ्या आणि हलू नका."

वहिनी बोटीच्या काठावरून वाकली. खोल समुद्रात उतरणाऱ्या प्रत्येकाची ही परीक्षा तीच घ्यायची. छाती भरलेली असताना पाणी डोळ्यांपाशी थांबलं पाहिजे. तरंगला तर कमरेच्या पट्ट्यात शिसं वाढवायचं, बुडाला तर काढायचं. यात तिने कुणाची भीडभाड ठेवली नव्हती, नवऱ्याचीसुद्धा. आज बोट थांबली होती त्याच खडकापाशी तो खाली गेला आणि वर आलाच नाही, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून धाकट्या दिराचं शिसं दर खेपेला कमी करावं लागत होतं.

"हाडं उरलीत नुसती, म्हणून बुडता. जेवत जा नीट," ती रागवायची.

आज पट्टा रिकामाच होता. अंगात जाड रबरी पोशाख, छाती फुगलेली. तरीही पाणी डोळ्यांवरून कपाळावर चढलं, मग केस बुडाले.

तिने हात घालून त्याचं मनगट धरलं आणि ओढलं, तर बोटच कलली. एका माणसाचं वजन नव्हतंच ते. पाणी नितळ होतं, दिराच्या पायांखाली कुणी नव्हतं. पण वजन ओळखीचं होतं. नवऱ्याला बोटीत ओढून घेताना तो मेला अर्ध्यावर मुद्दाम अंग सैल सोडायचा, हिची चेष्टा म्हणून. आत्ता तसाच हिसका बसला. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला आनंदच झाला.

तेवढ्यात दिराच्या तोंडातली श्वासाची नळी सुटली. बुडबुडे वर आले.

"अहो," ती पाण्याला म्हणाली, "भावजींना सोडा. त्यांची लेकरं लहान आहेत."

खालची ओढ सुटेना.

घरातून निघालेल्या माणसाला 'जा' म्हणू नये. 'या' म्हणावं, म्हणजे तो परत येतो. तिने नवऱ्याला जन्मात कधी 'जा' म्हटलं नव्हतं. त्या दिवशीसुद्धा नाही.

"जा," ती म्हणाली. "जा तुम्ही."

दीर बुचासारखा वर आला. खोकत, धापा टाकत त्याने काठ धरला.

"वहिनी, कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशी नाही. आधी वर चढा."

तो चढून आत आला तरी तिचा हात कोपरापर्यंत पाण्यातच होता. हाताला कसलंच ओझं लागत नव्हतं.