पावणेसतरा

शेंबी एकाच टोकाला होती. काळपट पितळेची, अंगठ्याएवढी, कडेला दोन बारीक खिळे मारलेली. दुसरं टोक उघडं होतं आणि त्यावर करवतीच्या खुणा अजून दिसत होत्या – तेलानं, घामानं गुळगुळीत झालेल्या, पण होत्या. आचलनं मापाची काठी उलटी केली, सुलटी केली. ज्यानं एका टोकाला शेंबी बसवली त्यानं दुसऱ्याही टोकाला बसवली असणार. मग ते टोक गेलं कुठे? वाळवीनं खाल्लं, चुलीजवळ जळलं, कुणाच्या पायाखाली मोडलं… आणि आजोबांनी, किंवा त्यांच्याही वडलांनी, मोडकं टोक नीट कापून काढलं आणि काठीला पहिल्यासारखंच ‘अठरा’ म्हणत राहिले. पावणेसतरा इंचांच्या काठीला अठरा! साठ वर्षं, कदाचित जास्त. आणि ते कळायला काही लागत नव्हतं, फक्त टोकाकडे बघायला लागत होतं, पण या घरात काठी सगळ्यांनी धरली आणि बघितली कुणीच नाही.

“आचल, चहा थंडा होऊन राहिला न व,” आतून आई म्हणाली.

“येते.”

ती गेली नाही. टिनाच्या शेडखाली बाबा रंधा मारत होते. सागाची भुशी त्यांच्या पायावर, चपलेवर, चष्म्याच्या काडीवर. गावातल्या नत्थुजींच्या डवऱ्यासाठी, तण काढायच्या औतासाठी, नवं आडवं लाकूड. फुकट. गुरुवारपासून ते दुसरं काहीच करत नव्हते, आणि तोंडातून त्याबद्दल एक शब्द काढत नव्हते, आणि ती काल संध्याकाळी अमरावतीहून आली तेव्हाही ‘आली का’ एवढंच म्हणाले होते, जशी काही ती दर शनिवारी येते.

ती आली होती कारण आईनं फोनवर सांगितलं होतं. नत्थुजी आले होते, ओट्यावर न बसता उभ्यानंच बोलले, आणि बाबा म्हणाले, “हात चुकला माहा.”

हात चुकला. दोन शब्द. बाबांचा हात चुकला नव्हता. आजवर चुकला असेल तर एकदाच, आणि तो तिनं चुकवला होता – नाही, तसंही नाही. तिनं दुरुस्त केला होता. तिथेच तर सगळी गोम होती…

उन्हाळ्यात नत्थुजींनी नवी तिफण सांगितली होती. चार वर्षांतली पहिली. लोक आता ट्रॅक्टरनं पेरतात. बाबांच्या वाट्याला पलंग, चौकटी, कपाटाच्या बिजागऱ्या येतात. तिफण म्हटल्यावर ते दोन दिवस बाभळीचं लाकूडच बघत होते. हात फिरवायचे, ठोकून आवाज ऐकायचे. तिसऱ्या दिवशी पत्र्याखाली खोचलेली काठी काढली. तिफणीला तीन फण, दोन फणांत या काठीएवढं अंतर, म्हणजे पिकाच्या दोन ओळींत तेवढंच. आचल सुट्टीत घरी होती. अमरावतीच्या क्लासमध्ये ती पोरांना फिजिक्सची प्रात्यक्षिकं शिकवते, पर्समध्ये स्टीलचा टेप असतोच. सहज लावला. नुसतं कुतूहल.

“ही अठराची नाही बाबा. पावणेसतरा आहे.”

“अठराचीच हाये ते.”

“बघा तुमी.”

बाबांनी टेपकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “असं?” म्हणाले. तिनं त्यांना सांगितलं की सोयाबीनला पंचेचाळीस सेंटिमीटर लागतात, म्हणजे अठराच धरा, कृषी खात्याच्या पत्रकात छापलंय, आणि आपण सव्वा इंच कमी देऊन राहिलो सगळ्या गावाला. ती भराभर बोलत होती, खुशीत होती. बाबांनी काठी परत पत्र्याखाली खोचली. तिफण तिच्या टेपनं झाली. तिनं स्वतः खुणा केल्या, पेन्सिलीला टोक करून, दोनदा मोजून.

तेव्हा तिच्या डोक्यात एक गोष्ट आली नव्हती, आणि ती यायला हवी होती, कारण दुसऱ्या कुणाच्या नाही तर तिच्याच डोक्यात यायला हवी होती. पीक वीतभर झालं की ओळींच्या मधलं तण डवऱ्यानं काढतात. नत्थुजींना माणसं मिळत नाहीत म्हणून बाबांनी मागे त्यांना एकाच लाकडावर तीन पासा बसवून दिल्या होत्या – तीन आडवी लोखंडी पाती, एका फेरीत तीन ओळी साफ. तो डवरा जुन्या काठीनं झालेला. गावातली प्रत्येक तिफण, प्रत्येक डवरा त्याच काठीनं झालेला. सगळं सव्वा इंचानं चुकलेलं, म्हणून सगळं एकमेकांत बसत होतं. आणि तिनं त्यातली एक वस्तू बरोबर करून ठेवली.

बुधवारी वापसा झाल्यावर, पावसानंतर जमीन औत चालण्याइतकी सुकल्यावर, नत्थुजींनी डवरा जुंपला. मधली पास ओळींच्या बरोबर मधून गेली. बाजूच्या दोन आत सरकून रोपांच्या बुडाशी चालल्या. ते बैलांकडे बघत होते, मागे बघेपर्यंत पाव एकर सोयाबीन आडवं झालं होतं.

याच महिन्यात तिनं क्लासमध्ये फळ्यावर गोल काढले होते. हे बघा, सगळे बाण एका जागी लागलेत, पण मध्यापासून लांब. याला काय म्हणायचं? मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, नेम चुकला पण सवय चांगली आहे!” सगळे हसले, ती पण. हसली! आणि इकडे…

“बाबा.”

“हं.”

“तुमी असं काहून सांगितलं, हात चुकला म्हणून?”

रंधा थांबला नाही. लाकडाची एक लांब साल निघाली, वळली, पडली.

“मंग काय सांगू? तुयं माप तं बरोबर व्हतं.”

“मग चुकलं कोणाचं?”

“कोनाचं नाई चुकलं. औत चुकलं.”

“औत आपोआप चुकते का?”

“चहा पे जा,” बाबा म्हणाले.

असं. दर वेळी असंच. भांडायला गेलं तर हा माणूस समोर उभाच राहत नाही. ओरडा की माझ्यावर. म्हणा, तुला कोणी सांगितलं होतं तुझा टेप लावायला. मी ऐकून घेईन, मी उलट बोलेन, दोघं दोन दिवस बोलणार नाही आणि मग संपेल. पण नाही. बरोबर व्हतं म्हणे.

आणि हे नुसतं घरातलं असतं तरी चाललं असतं. मारुतीच्या देवळाला नवं दार करायचं होतं. सागाचं, दोन झडपांचं. जुनं पणजोबांनी केलेलं. त्या देवळाचं दार या घराशिवाय कुणी केलं नाही, असं बाबा कधी बोलून दाखवत नाहीत, पण सणाला देवळात गेले की आधी चौकटीवर हात ठेवतात, मग देवाला जोडतात. कमिटीत पाच जण, त्यांत नत्थुजी. आणि काल एसटीतून उतरल्या उतरल्या पानठेल्यावरून बाबांचं नाव तिच्या कानावर आलंच – “भगवंताचे डोये गेले आता. दार चांदूरच्या फर्निचरवाल्याले द्या लागते.” तिला वळून सांगावंसं वाटलं होतं. काय सांगणार होती? सव्वा इंच?

तिनं ठरवलं होतं, नत्थुजींना सांगायचं. सरळ. खुणा मी केल्या, माझ्या टेपनं. एवढं सोपं होतं.

नत्थुजी दहाच्या सुमाराला आले. मोटरसायकल फाटकाशीच लावली, आत येऊन लाकडाला टिचकी मारली.

“झालं काय बे भगवंता? का याहीत काही नवीन काढलं?”

“झालं. सूर्यभान लोहाराकडून पासा आनल्या रातच्याले. चाल, वावरातच लावून देतो.”

“काकाजी,” आचल म्हणाली. “एक सांगायचं होतं.”

“बोल न बाई. तू आता मोठी मास्तरीन.”

“तिफणीच्या खुणा मी केल्या होत्या. बाबांनी नाही. मी टेपनं मोजून केल्या.”

नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा पटाश्या पिशवीत भरत होते, एक एक, पातं फडक्यात गुंडाळून.

“मंग? चुकीचं मोजलं काय?”

“नाही. बरोबर मोजलं. म्हणजे… अठरा म्हणजे अठराच. आमची काठीच अठराची नाही, ती पावणेसतरा आहे, आणि तुमचा डवरा त्या काठीनं –”

“थांब थांब. तू बरोबर मोजलं.”

“हो.”

“अन् माहं सोयाबीन कापल्या गेलं.”

“हो, कारण –”

नत्थुजी हसायला लागले. वाईट हसले नाहीत, तेच वाईट होतं. “भगवंता, पोट्टी वकील करा लागत व्हती तुले! बापाले वाचवाले कायची काय गोष्ट रचून आनली पाय.” मग तिच्याकडे वळून, मऊ आवाजात, “अवं, होते मानसाची चूक. वय झालं त्याचं. मी काई कोर्टात नाई नेऊन राहिलो. बाप म्हने हात चुकला, मंग चुकला.”

“काकाजी, दाराचं –”

“दाराचं कमिटी बसन तवा पाहू.”

झालं. खरं सांगितलं आणि ते खोटं ठरलं. त्याहून वाईट म्हणजे लेकीची माया ठरलं. तिला टेप काढून त्यांच्या नाकाखाली धरावासा वाटला. हा बघा, स्टीलचा आहे, उन्हानं सुद्धा वाढत नाही – वाढतो, पण किती, ते मी सांगू शकते! कुणाला हवं होतं ते? इथे कुणाला काय हवं होतं? बाबांना नाही, नत्थुजींना नाही. सगळे जण एका चुकीच्या गोष्टीवर किती समजूतदारपणे एकमत झाले होते…

बाबा लाकूड खांद्यावर घेऊन चालायला लागले होते. मोटरसायकलवर बसले नाहीत. ती मागून गेली, कारण घरी थांबून आईच्या हातचा चौथा चहा प्यायचा तिच्यात धीर नव्हता.

वावराकडे जाणाऱ्या पांदणीत चिखल होता, सुकत आलेला, वरून कवच आणि खालून मऊ. बाबा बरोबर कडेकडेनं चालत होते, खांद्यावरचं लाकूड एकदाही बाभळीला लागलं नाही.

“पेरणीच्या दिवशी तुमी आले होते ना इथं?” तिनं विचारलं. नव्या तिफणीचं पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली चरी, सुतारानं बांधावर उभं राहून बघायचं, मग शेतकऱ्यानं त्याला नारळ द्यायचा. ही रीत कुठली, कधीपासूनची, तिला माहीत नव्हतं. लहानपणी ती फक्त खोबऱ्याची वाट बघायची.

“आलो व्हतो न.”

“तेव्हा काही दिसलं नाही?”

बाबांनी लाकूड दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“मोकयं दिसलं.”

“काय?”

“तास मोकयं दिसलं मले. लय.”

ती थांबली. पाय चिखलाच्या कवचातून आत गेला. “दिसलं होतं? आणि तुमी बोलले नाही? बाबा, बाजूचे फण सरकवले असते तिथंच! दुसरं तास नीट पडलं असतं! पाव एकर…”

“तू मोजलं व्हतं न,” बाबा म्हणाले. मागे न वळता, जसं पाण्याचा तांब्या कुठे आहे ते सांगावं तसं.

तिला रडू आलं नाही. तिला फक्त भयंकर राग आला, आणि तो कुणावर आहे ते तिला नीट लावता येईना. सकाळपासून ती एक गोष्ट घोकत होती – या घरात काठी सगळ्यांनी धरली, बघितली कुणीच नाही. आणि या माणसानं बांधावरून, टेप नसताना, चाळीस पावलांवरून सव्वा इंच बघितला होता. बघितला आणि गिळला. माझ्यासाठी? का माझ्या टेपसाठी? का त्यांना खरंच वाटलं की आता डोळ्याचं काही खरं नाही, मुलगी म्हणते तेच असेल… मी विचारलं तर म्हणतील, चहा पे जा.

वावरात नत्थुजींनी बैल जुंपून ठेवले होते. बाबांनी जुनं लाकूड काढलं, नवं बसवलं, पासा चढवल्या, पाचर ठोकली, पुन्हा ठोकली. या एका वावरासाठी, या एका वर्षासाठी अठराचा डवरा. पुढच्या वर्षी काय? नवी तिफण का जुना डवरा, कोणतं कशाच्या मापाचं? तो प्रश्न लाकडासारखाच कुणाच्या तरी खांद्यावर होता आणि कुणी काढत नव्हतं.

डवरा निघाला. आचल बांधावर बाबांच्या शेजारी उभी राहिली. पहिली फेरी. तीन पासा तीन ओळींत शिरल्या, माती दोन्ही बाजूंना सुटत गेली, रोपं हलली आणि उभी राहिली. एकही पडलं नाही. नत्थुजींनी पलीकडच्या टोकाला बैल वळवले, हात वर केला. बाबांनी नुसती मान हलवली.

बांधाच्या अलीकडे किसनरावांचं सोयाबीन होतं, आजोबांनी केलेल्या तिफणीनं पेरलेलं. ती एकदा इकडे बघत होती, एकदा तिकडे. आधी दोन्ही सारखंच, हिरव्या रेघा. मग… मग अलीकडचं जरा दाटलेलं वाटलं. का माहीत होतं म्हणून वाटलं? आकडा आधी कळलेला असला की डोळा खोटं बोलतो, हे ती पोरांना शिकवते. ती पुन्हा बघायला लागली, आकडा बाजूला ठेवून, आणि आकडा बाजूला राहीना. हात आपोआप पर्समध्ये गेला होता, बोटांना टेपची गार कड लागली. दोन पावलांवर ओळ होती. वाकून लावलं की कळलं असतं, डोळ्याला दिसलं ते खरं की खोटं.

“कसं दिसते?” बाबांनी विचारलं.

किती आहे, असं नाही विचारलं. तिच्या लक्षात आलं की आजवर त्यांनी तिला हा प्रश्न कधीच विचारला नव्हता, आणि तोंडाशी आलेलं उत्तर एक आकडा होता. तिनं तो गिळला. टेप मुठीतच होता, बाहेर काढलेला नव्हता, सोडलेलाही नव्हता. बैल वळून परत येत होते, आणि ते येईपर्यंत काहीतरी सांगायला हवं होतं, आणि ती बघत होती.